घरांतील लहर गोठ्यापर्यंत

आमच्या शाहूवाडीकडे घरें जांभ्या दगडाचीं. घरांत वर्दळ म्हणून नात परीक्षेच्या अभ्यासास गोठ्यालगतच्या पत्र्याच्या खोलींत बसूं लागली. परंतु वायफाय तेथें पोहोंचेना, शिकवणीचा आवाज मध्येंच तुटे. मीं लहर वाढविणारें यंत्र आणून त्याच खोलींत बसविलें. मूळ लहरच क्षीण, तेथें तें वाढविणार काय? मग तें घराच्या गोठ्याकडील खिडकींत ठेविलें, २.४ गिगाहर्ट्झची लहर निवडिली. ५ची भिंतींत लवकर विरते. तरीहि पत्रा आडवा येई, कारण धातूवरून लहर माघारी फिरते. अखेर तार ओढणें आलें. तांब्याची १०० मीटरपर्यंत चालते, पण वळिवाच्या विजांचें भय! म्हणून फायबरची घेतली, नळींतून, जमिनीखालून. परीक्षेच्या आठ दिवस आधीं आवाज अखंड ऐकूं आला. म्हशीला मात्र तो रात्रीचा दिवा अद्याप खपत नाहीं.