पाणी, वीज आणि समविभव : घरगुती तरणतलावांच्या सुरक्षिततेचा विचार



शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत शाळेतच शिकलेल्या एखाद्या नियमाचा पुन्हा विचार व्हावा, हे मला उचित वाटते. विभवांतर असल्याशिवाय विद्युतधारा वाहत नाही, हे आपण सर्वांनी आठवी-नववीत पाठ केले आहे. आज मोरजीत या साध्या वाक्यावर माणसांचे प्राण अवलंबून आहेत, एवढेच मला सांगावयाचे आहे.

शापोरा नदीच्या मुखाशी वसलेले आपले गाव मासेमारी, माड आणि भातशेती यांवर जगत आले. पुढे किनाऱ्यावर अंडी घालण्यास येणाऱ्या सागरी कासवांमुळे त्याचे नाव दूरवर गेले, देशोदेशीचे पाहुणे आले; २०२३ च्या जानेवारीत मोपा येथील विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. पेडणे तालुक्याच्या या पट्ट्यात बंगल्यामागे तरणतलाव किंवा अंगणात गरम पाण्याचा टब असणे आता नवलाचे राहिलेले नाही. त्यांत पोहणारे पाहुणे असतील. परंतु ते बांधणारे, त्यांची वायरिंग करणारे आणि रोज सकाळी पाण्यात उतरून ते स्वच्छ करणारे हात पुष्कळदा आपल्याच मुलांचे आहेत.

विजेच्या उघड्या तारेवर कावळा निर्धास्त बसतो, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच विभवावर असतात. उलट, पावसाळ्यात वीज उतरलेल्या खांबाजवळून जाणारा बैल कोसळतो. ओल्या जमिनीतून पसरणाऱ्या धारेमुळे त्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत विभवांतर निर्माण होते. तारेवर शेकडो व्होल्ट असूनही कावळा वाचतो, खांबाला न शिवताही बैल मरतो. घातक असतो तो दोन बिंदूंमधला फरक.

मनुष्यदेह किती धारा सोसतो, याचा पद्धतशीर अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी केला. हातात धरलेला धातू स्वतःच्या इच्छेने सोडता येईल अशी धारेची सरासरी मर्यादा त्यांना पुरुषांत सुमारे १६ आणि स्त्रियांत सुमारे १०.५ मिलिअँपिअर आढळली. त्यापुढे स्नायू आपले ऐकत नाहीत. जमिनीवरचा माणूस अशा वेळी कदाचित दूर फेकला जाईल. पाण्यातला माणूस मात्र हातपाय लुळे पडून बुडतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाच्या ६०३६४ मालिकेतील ७०२ क्रमांकाच्या भागात तलावाच्या आत जास्तीत जास्त १२ व्होल्ट प्रत्यावर्ती विभवाची उपकरणे चालतात. काठापासून २ मीटरपर्यंतचा आणि त्यापलीकडे आणखी दीड मीटरचा, असे दोन पट्टे आखून तेथील उपकरणांवरही निर्बंध घातलेले आहेत.

यावर आपल्याकडे नेहमी मिळणारे उत्तर असे : "अर्थिंग केले आहे, काळजी नको." हे उत्तर गणिताने तपासून पाहू. चिऱ्याच्या जमिनीत पुरलेल्या अर्थिंगचा रोध उन्हाळ्यात माती सुकली की वाढतो. तो २० ओहम आहे आणि ट्रान्सफॉर्मरकडील अर्थिंगचा २ ओहम आहे, असे समजू. पंपाच्या मोटरीत फेज तार कवचाला टेकली, तर २३० भागिले २२, म्हणजे साधारण साडेदहा अँपिअर धारा जमिनीत जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी तेवढ्याने पडणार नाही, आणि पंपाचे कवच २०० व्होल्टांच्या वर तसेच राहील. अर्थिंग आवश्यक आहे. एकट्या अर्थिंगवर भिस्त ठेवता येत नाही.

दुसरा रक्षक म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. जाणारी आणि परतणारी धारा यांत फरक पडला की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. वरील उदाहरणात तो निश्चित काम करील, म्हणून त्याच्याशिवाय तलावाचा पंप चालूच नये. परंतु त्यालाही मर्यादा आहे. काही ठिकाणी पुरवठ्याची न्यूट्रल आणि घराचे अर्थिंग एकत्र जोडलेले असते. पावसाळ्यात माडाचे चुडत पडून बाहेरची न्यूट्रल तुटली, तर धारा अर्थिंगच्या वाटेने परतू पाहते आणि घरातील सर्व धातूंवर विभव चढतो. आरसीसीबीतून जाणारी-येणारी धारा मात्र समान असते. त्याला काहीच कळत नाही. शिवाय तो अर्थिंगची तार कधीच तोडत नाही. बाहेरून त्या तारेवर आलेला विभव त्याला अडविता येत नाही.

येथे तिसरा रक्षक उभा राहतो, तो म्हणजे समविभव जोडणी. तलावाच्या काँक्रीटमधील सळया, शिडी, कठडे, दिव्यांची धातूची घरे, पंप, हीटर आणि सभोवतालच्या फरशीखालील लोखंड हे सारे जाड तांब्याच्या तारेने एकमेकांशी जोडावयाचे आणि ते जाळे संरक्षक अर्थ-तारेशी सांधावयाचे. मग विभव चढलाच, तर सर्वांवर एकदम चढेल, आणि पोहणारा त्या कावळ्याप्रमाणे समविभवात राहील. अमेरिकेच्या विद्युत संहितेत यासाठी ८ क्रमांकाची, म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटरची भरीव तांब्याची तार सांगितली आहे. काठाभोवतीचा साधारण ९० सेंटिमीटर रुंदीचा भाग जाळ्यात घेऊन तो तलावाशी किमान चार ठिकाणी जोडावा, असेही त्यात आहे. पाणीसुद्धा सुटता कामा नये : नळ प्लास्टिकचे असतील, तर पाण्याला स्पर्श करणारा धातूचा भाग मुद्दाम ठेवून तो जोडावा लागतो.

समुद्रकाठच्या आपल्या गावासाठी दोन गोष्टी विशेष सांगतो. गंज टाळण्यासाठी येथे इपॉक्सीचा लेप दिलेल्या सळया वापरल्या जातात. हा लेप विद्युतरोधक आहे. अशा सळयांना जाळे मानता येत नाही, तेथे तांब्याची वेगळी चौकडी घालावी लागते. दुसरे, खाऱ्या हवेत तांबे आणि लोखंड यांचा साधा पिळलेला सांधा फार काळ टिकत नाही. जमिनीत पुरण्यायोग्य पितळी किंवा तांब्याचे क्लॅम्पच वापरले पाहिजेत.

गरम पाण्याचा टब लहान म्हणून दुर्लक्षिला जातो. त्यात हीटर आणि पंप अंगाला खेटून असतात, त्वचा भिजून तिचा रोध घटलेला असतो. त्यालाही हीच जोडणी आणि हाच आरसीसीबी हवा.

या कामाचा दोष असा की ते दिसत नाही. फरशी बसली की जोडणी आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. निळ्या पाण्याखाली दोन्ही तलाव सारखेच सुंदर दिसतात. म्हणून विचारण्याची वेळ एकच : काँक्रीट ओतण्यापूर्वी. माजी विद्यार्थ्यांपैकी जे कंत्राटदार आहेत त्यांनी तेव्हा काम थांबवून प्रत्येक सांधा तपासावा, छायाचित्रे काढून ठेवावीत. जे वायरमन आहेत त्यांनी कोणत्याही दोन धातूंमधील रोध मीटरने मोजून लिहून द्यावा. जे घरमालक आहेत त्यांनी तो कागद मागितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये आणि दर पावसाळ्यापूर्वी फेरतपासणी करून घ्यावी. जुन्या तलावांत हे काम नसेल, तर ते उशिरा का होईना, करता येते. आणि जो मुलगा साफसफाईसाठी पाण्यात उतरतो, त्याने पाण्यात किंवा शिडीला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. मेन स्विच बंद करावा, कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये. बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी उडी घेणाराही त्याच फरकात सापडतो.

तलावाला लागणाऱ्या एकंदर खर्चात या तारेचा वाटा अल्प आहे. तिच्यासाठी लागतो तो वेळीच प्रश्न विचारण्याचा आग्रह, आणि शाळेने आपणांस दिलेली खरी शिदोरी तीच आहे.