ऊन पाण्याची वाट

आमच्या डोंबिवलीच्या घरात कुणाचे गुडघे धरले की एकच सल्ला मिळायचा, 'वज्रेश्वरीला जाऊन या.' डॉक्टरांपेक्षा वडिलांचा भरवसा अकलोलीच्या कुंडांवर. कल्याणहून भिवंडी आणि तिथून वज्रेश्वरी, असा आमचा ठरलेला प्रवास. चिमाजीअप्पांनी १७३९च्या वसईच्या मोहिमेत नवस बोलून पुढे बांधवलेलं देऊळ, त्याच्या पायऱ्या, दर्शन आणि मग तानसा नदीच्या अंगानं अकलोलीची वाट.

रिक्षा मिळते, पण वडील चालतच नेत. साग, ऐन, मधूनच फुललेला पळस. कुंडं दिसण्याआधी गंधकाचा वास यायचा. 'पाणी कोण तापवतं?' असं मी विचारी. 'देवीनं मारलेल्या दैत्यांचं हे रक्त,' वडील सांगत.

पुढे शाळेत दुसरं उत्तर मिळालं. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल मुरतं. जमिनीखाली किलोमीटरभर गेलं की तापमान साधारण पंचवीस-तीस अंशांनी चढतं. तिथं तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. जागा ज्वालामुखी इथं कुठेही नाही. सातिवली, गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे अशी या झऱ्यांची रांगच कोकणात आहे. गरम पाण्याला आपण 'ऊन पाणी' म्हणतो, ते ऊन या गावांच्या नावांतच आहे.

एका वर्षी मात्र वडिलांनी रक्तदाबाच्या गोळ्या तीन दिवस बंद ठेवल्या. 'कुंडात बसायचं तर गोळी कशाला?' सत्तरी उलटलेले वडील अर्धा तास पाण्यात बसले आणि उठताना त्यांना भोवळ आली. दोन अनोळखी माणसांनी धरलं, म्हणून डोकं दगडावर आपटलं नाही. मी कपडे सांभाळत काठावर उभा होतो. माझे पाय जागचे हलले नाहीत.

घरी आल्यावर डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, 'ऊन पाण्यानं सांधे मोकळे होतात, बरं वाटतं. पण रक्तवाहिन्या सैल होतात, उभं राहताना दाब उतरतो. गोळी चुकवायची नाही आणि दहा मिनिटांच्या वर बसायचं नाही.'

वडिलांनी ते ऐकलं, हे विशेष. त्यानंतर गोळी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आणि घड्याळ माझ्या हातात. श्रद्धा मात्र त्यांनी सोडली नाही. सोडावी असं मीही कधी म्हटलं नाही.

आता वडील नाहीत आणि गुडघे माझे दुखतात. मी चालतच जातो. आधी हातानं पाणी पाहतो, सोसेल ते कुंड निवडतो आणि त्यांचं घड्याळ काठावर, डोळ्यांसमोर ठेवूनच पाण्यात उतरतो.