संगणकातील फेरफार नोंदवही

परभणी जिल्ह्यातील शेतकरी सातबारा पाहतो, तेव्हा त्यावरील फेरफार क्रमांकावरून गाव नमुना ६ मध्ये प्रत्येक बदलाचा माग लागतो. हीच शिस्त संगणकालाही हवी. संगणक बिघडला की कामाच्या सोयीनुसार वर्षानुवर्षे बसविलेली मांडणी नाहीशी होते. म्हणून मांडणीच्या सर्व फायली एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात. मूळ जागी केवळ त्यांच्याकडे नेणारा सांकेतिक दुवा असावा. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेली 'गिट' प्रणाली नोंदविलेला प्रत्येक बदल तारखेनिशी जपते. चूक झाल्यास पूर्वस्थिती परत मिळते. या फोल्डरची प्रत अन्यत्रही ठेवावी. नव्या संगणकावर दुवे जोडताच काम पूर्ववत सुरू होते. पासवर्ड मात्र त्यात कदापि नसावेत, कारण एकदा नोंदले गेलेले सहजासहजी पुसले जात नाही.