शंकूची छाया आणि वक्त्याची वाणी

उज्जयिनीच्या वेधशाळेत 21 जूनच्या सुमारास, आकाश निरभ्र असेल तर, मध्यान्हीला जिज्ञासूंची गर्दी होते. घड्याळात बारा वाजून सुमारे 28 मिनिटे झाली की शंकुयंत्राची छाया आखडत आखडत त्याच्या पायाशी लुप्त होते. भोवतालचे लोक चकित होतात, क्षणभर स्तब्ध राहतात आणि घरोघर परततात. परतताना त्यांनी बरोबर काय नेले, केवळ नवल की ज्ञान, हे मात्र शंकूवर अवलंबून नसते. ते शंकूशेजारी उभे राहून बोलणाऱ्यावर अवलंबून असते.

सभेत बोलणाऱ्याने नकाशा, तक्ता, फळा, प्रतिकृती किंवा पडद्यावरील चित्र यांचे साहाय्य कसे घ्यावे, याचा वस्तुपाठ शोधायचा तर या वेधशाळेइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती उभारली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने 1923 साली तिचा जीर्णोद्धार झाला आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या मराठी ज्योतिर्विदाने तिची धुरा वाहिली. येथील यंत्रे वेध घेण्यासाठी बांधली गेली. परंतु आज त्यांचे मोठे कार्य पाहणाऱ्याला समजावून देण्याचेच आहे.

समजावून देण्याचा पहिला नियम असा, की दाखवण्यापूर्वी काय पाहावयाचे ते सांगावे. नाडीवलय यंत्राला दोन तबकड्या आहेत, एक उत्तराभिमुख व दुसरी दक्षिणाभिमुख. ‘हे नाडीवलय यंत्र’ एवढेच सांगितले तर श्रोता दगडी वर्तुळ पाहून पुढे सरकतो. उलट, ‘आज ऊन कोणत्या तबकडीवर आहे?’ असा प्रश्न विचारून वक्ता थांबला, की प्रत्येकाचे डोळे कामाला लागतात. सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेस असताना सहा महिने उत्तरेची तबकडी उजळते, पुढचे सहा महिने दक्षिणेची. उत्तर श्रोत्याने स्वतः शोधले म्हणजे ते त्याचे होते. पाहण्याच्या त्या अवकाशात वक्त्याने मौन पाळावे. एकाच वेळी डोळ्यांना एक आणि कानांना दुसरेच दिले, तर दोन्ही उपाशी राहतात. पडद्यावर परिच्छेद उमटवून तेच मोठ्याने वाचणारे वक्ते आज गावोगावी दिसतात. तेथे श्रोता वक्त्याच्या आधीच वाचून मोकळा होतो आणि मग घड्याळाकडे पाहू लागतो.

दुसरा नियम सत्याचा. डोळ्यांना दिसले ते निर्विवाद वाटते, म्हणूनच दाखवणाऱ्याची जबाबदारी अधिक. शंकूची छाया 21 जूनला नाहीशी होते, ‘कारण उज्जैन नेमके कर्कवृत्तावर आहे’, असे सांगणे सोपे आहे. पण ते पुरते खरे नव्हे. वेधशाळेचे अक्षांश सुमारे 23 अंश 11 कला आहेत आणि कर्कवृत्त आज सुमारे 23 अंश 26 कलांवर आहे. म्हणजे ते वेधशाळेच्या उत्तरेस 28 किलोमीटरांच्या आसपास पडते. त्या दिवशी एक मीटर उंचीच्या काठीची चार मिलिमीटरांहून किंचित अधिक छाया मध्यान्हीलाही उरते, तीही दक्षिणेकडे. सूर्य खरोखर माथ्यावर येतो तो 12-13 जूनच्या सुमारास आणि पुन्हा जूनच्या अखेरीस. हे चार मिलिमीटर लपवले तर नवल वाढते. सांगितले तर समज वाढते.

पण तीस माणसांच्या घोळक्यात मागच्या माणसाला चार मिलिमीटर कसे दिसावेत? येथे तिसरा नियम येतो: शेवटच्या रांगेला जे दिसत नाही, ते दाखवलेच नाही असे समजावे. शेजारी फळा ठेवून तीच छाया मोठी करून काढावी. मात्र ‘हे चित्र इतक्या पटींनी मोठे आहे’ हे त्याच श्वासात सांगावे. प्रमाण न सांगितलेले चित्र फसवते. शाळांच्या तक्त्यांवर पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी लांबट काढलेली असते आणि ती पाहून कित्येकांची समजूत होते, की सूर्य जवळ आला म्हणजे उन्हाळा. वस्तुतः पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते ती जुलैच्या आरंभी, आणि सर्वांत जवळ जानेवारीच्या आरंभी. सुमारे पंधरा कोटी किलोमीटरांच्या अंतरात फरक पडतो तो अवघा पन्नास लाखांचा. प्रमाणशीर काढली तर कक्षा वर्तुळच भासेल. एका चुकीच्या रेषेने केलेले नुकसान भरून काढायला पुढे शंभर वाक्ये अपुरी पडतात.

कोणती रेषा ठेवावी आणि कोणती गाळावी, हा विवेक उज्जैनच्याच विष्णु श्रीधर वाकणकरांच्या कामात दिसतो. 1957 साली त्यांनी भीमबेटकाच्या चित्रगुहा प्रकाशात आणल्या. तेथे एकाच खडकावर निरनिराळ्या काळांतील चित्रे एकमेकांवर चढलेली आहेत. छायाचित्रात सर्वांचा गोंधळ एकत्र उतरतो. चित्रकाराच्या हाताने केलेल्या प्रतीत मात्र एकेक आकृती वेगळी काढता येते. वाकणकर पुरातत्त्वज्ञ तर होतेच, पण चित्रकारही होते. व्याख्यात्याने चित्र निवडावे ते असे: एका वेळी एकच गोष्ट सांगणारे आणि ती सांगून झाल्यावर दृष्टीआड करता येणारे.

नभोवाणीवरील वक्त्याजवळ फळा नसतो, पडदाही नसतो. त्याला श्रोत्याच्या मनातच शंकू रोवावा लागतो आणि छाया पाडावी लागते. ज्याला हे शब्दांनी साधते, त्याच्याच हाती तक्ता शोभतो. कारण साधन वाणीला आधार देऊ शकते, तिची उणीव झाकू शकत नाही. सूर्य माथ्यावर असला तरी छाया का नाही हे सांगायला माणूसच लागतो.