पावट्याच्या शेंगा आणि ताटातली प्रथिनं

बंगळूरच्या राजाजीनगरात थंडी पडली की भाजीवाल्यांकडे अवरेकाईचे, म्हणजे आपल्या पावट्याच्या शेंगांचे ढीग लागतात. दाणे भिजवून चिमटीत दाबले की सालीतून टुपकन बाहेर येतात. अगदी आपल्या बिरड्यासारखे. ही नुसती हौस नाही, प्रथिनांचा साठा आहे.

अमेरिकेत १ लाख ३१ हजारांहून अधिक लोकांच्या आहाराची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. २०१६ साली निष्कर्ष आले: प्राणिज प्रथिनांऐवजी, विशेषतः सॉसेज, बेकनसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाऐवजी, डाळी-कडधान्यांसारखी वनस्पतिज प्रथिनं खाल्ली तर मृत्यूचा धोका कमी दिसतो. असं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये सांगितलं. मासे मात्र या प्रक्रिया केलेल्या मांसाच्या पंगतीत बसवू नका.

प्रथिनांतले जे घटक डाळीत कमी, ते भातात असतात. म्हणून वरण-भाताची जोडी खरी. फक्त बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून पुरेसं मिळत नाही. दूध-दहीही न घेणाऱ्यांनी त्याची रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी घ्यावी.