पूर्णाकाठची बंद खाण



खाण म्हटली की झारखंडातलं जादुगुडा आठवतं. तिथे १९६७ पासून युरेनियम काढायला लागले. आपल्या बाळापूरकडे कसली आली खाण? पण मन नदीच्या काठाने उत्तरेला पूर्णेकडे निघालात, की बंद पडलेल्या खाणीच्याच मुलखात शिरता. ही खाण मिठाची.

पूर्णेचं खोरं ही खचलेली जमीन. बाळापूरची मिर्झाराजे जयसिंगांची छत्री ज्या काळ्या दगडाची आहे, तसलाच दगड इथे खोल गेला आणि वर नदीने गाळ भरला. काही ठिकाणी तीनशे मीटर उतरलं तरी खडक लागत नाही. माती चिकण, ऊन कडक, पाण्याला निचरा नाही. मग क्षार साचत गेले. इथे पूर्वी समुद्र होता, असं लोक सांगतात. ऐकायला बरं वाटतं, पण कारण एवढ्या लांब शोधायला नको.

या गाळात खोल विहिरी खणून खारं पाणी उपसायचे, उथळ वाफ्यांत सोडायचे; बाकीचं काम ऊन करी. दहीहंडा गावाकडे हा धंदा चांगला चाले. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. त्यांना मिठाचा कर हवा होता, गावचं मीठ नको होतं. पुढे त्यांनी विहिरींवर मीठ काढायला बंदी केली. म्हणजे खाण संपली नव्हती, ती कायद्याने मिटवली. म्हणूनच १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात वऱ्हाडातले सत्याग्रही समुद्र शोधत बसले नाहीत. दहीहंड्याच्या खाऱ्या पाण्याचंच मीठ केलं.

आता तेच मीठ नकोसं झालंय. अकोला, अमरावती, बुलडाण्यातली शेकडो गावं या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात आहेत. इथल्या विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, घागरीला पांढरा थर धरतो. हे पाणी पिकाला दिलं तर सोडियममुळे माती घट्ट बसते, पाणी मुरतच नाही. म्हणून विहीर असूनही शेतकरी पावसावरचा हरभरा घेतो. 

मात्र याच न मुरणाऱ्या मातीत शेततळं खणलं तर पावसाचं गोड पाणी बरेच दिवस टिकतं. त्यावर हरभऱ्याला एखादं संरक्षित पाणी देता येतं, आणि खारपाणपट्ट्यात त्या एका पाण्याने उताऱ्यात चांगलाच फरक पडतो.