गणिताची फेरपरीक्षा : आधी वाट ठरवावी, मग परीक्षा



दहावीचा निकाल लागला की गावात दोन प्रकारची घरे दिसतात. एका घरी पेढे वाटले जातात. दुसऱ्या घरी गुणपत्रक फडताळात जाते आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. हे दुसरे गुणपत्रक उघडून पाहिले, तर पुष्कळदा असे आढळते की, मराठी, हिंदी, समाजशास्त्रे यांत मूल उत्तीर्ण आहे. अडले आहे ते एकट्या गणितात. अशा सोळा वर्षांच्या मुलाने वा मुलीने पुन्हा परीक्षेस बसावे, की तो नाद सोडून कामाला लागावे? प्रश्न एका घराचा दिसतो. परंतु त्याचे उत्तर रागाच्या किंवा लाजेच्या भरात दिले गेले, तर त्याची किंमत त्या मुलाला पुढे अनेक वर्षे मोजावी लागते.

ज्या भूमीत अंक कोरले गेले

या भूमीला गणित परके नाही. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या दानांचे आकडे त्यात अंकचिन्हांनी नोंदविले असून, भारतीय अंकांच्या इतिहासात त्यास मोठे स्थान आहे. याच तालुक्यातील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण उभी आहे. अशी यंत्रणा चालू ठेवण्यास शास्त्रज्ञांइतकीच कुशल तंत्रज्ञांचीही गरज असते.

हे सांगण्याचे कारण इतकेच की, गणितात नापास झालेले मूल हिशेबात कच्चे असतेच, असे नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट मोजून, आडत व हमाली वजा करून हाती काय येईल, हे शेतकऱ्याचा मुलगा तोंडी सांगतो. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील मुलगी हिरड्याच्या वजनात व्यापाऱ्याने किती घट धरली, हे अचूक ओळखते. मग तीच मुलगी वर्गसमीकरणापाशी का अडते? बहुधा अपूर्णांक, ऋण संख्या व गुणोत्तर या पायऱ्या पाचवी ते सातवीत कच्च्या राहिलेल्या असतात. दहावीचा निकाल त्या जुन्या उणिवेवर बोट ठेवतो. तो बुद्धीचा निवाडा नव्हे.

कोणत्या दारासाठी ही किल्ली?

महाराष्ट्रात १९७५ साली दहा वर्षांच्या शालेय आकृतिबंधाची पहिली शालान्त परीक्षा झाली. पहिल्या दहा वर्षांत गणित व विज्ञान सर्वांना असावे, ही कोठारी आयोगाची (१९६४–६६) शिफारस होती. मधल्या काळात सामान्य गणिताचा सोपा पर्याय काही वर्षे उपलब्ध होता. तोही पुढे बंद झाला. २०२४ साली राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने आणखी एक विचार पुढे आला : गणित वा विज्ञानात ३५ पेक्षा कमी, परंतु २० किंवा अधिक गुण मिळविणाऱ्यास शेरा देऊन पुढे जाऊ द्यावे, मात्र त्या विषयांवर आधारलेल्या शाखा त्याला खुल्या नसाव्यात. या विचारावर मतभेद झाले. तथापि त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. गणित ही काही दारांची किल्ली आहे. सर्व दारांची नव्हे.

म्हणून फेरपरीक्षेचा निर्णय करताना पहिला प्रश्न असावा, जायचे कोठे?

तंत्रनिकेतनाच्या पदविकेकडे जायचे असेल, तर दहावीचे गणित सुटलेच पाहिजे. अवसरी खुर्द येथील शासकीय तंत्रनिकेतन आंबेगावकरांच्या अगदी जवळ आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री व जोडारी या व्यवसायांना गणित-विज्ञानासह दहावी लागते. ग्रामीण डाकसेवकाच्या पदासाठी दहावीत गणित व इंग्रजीत उत्तीर्ण असणे आवश्यक असून, निवड दहावीच्याच गुणांवर होते. सैन्यदलात अग्निवीर म्हणून सर्वसाधारण कर्तव्यासाठी जाणाऱ्यास दहावीत एकूण ४५ टक्के व प्रत्येक विषयात ३३ टक्के गुण लागतात. या वाटांवर जाऊ इच्छिणाऱ्याने फेरपरीक्षा टाळणे म्हणजे स्वतःच्या हाताने दार लावून घेणे होय.

उलटपक्षी, वेल्डर वा सुतारकाम यांसारख्या व्यवसायांत दहावी अनुत्तीर्णासही प्रशिक्षण मिळू शकते. ज्याचे मन तेथे खरोखर रमते, त्याने आधी प्रशिक्षण सुरू करावे आणि गणित सवडीने सोडवावे. त्यात कमीपणा नाही. आणि जो काठावर का होईना, उत्तीर्ण झाला आहे, त्याने केवळ गुण वाढविण्यासाठी वर्ष खर्ची घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा. श्रेणीसुधाराच्या संधी मर्यादित असतात आणि बहुतेकांच्या बाबतीत तेच श्रम बारावीत अधिक फळ देतात.

वेळेचा हिशेब

दुसरा प्रश्न वेळेचा. पूर्वी पुरवणी परीक्षा ऑक्टोबरात होई. २०१५ पासून ती निकालानंतर लगेच, जून-जुलैच्या सुमारास होऊ लागली. त्यामुळे वर्ष वाचते. उत्तीर्ण विषयांचे गुण कायम ठेवून केवळ राहिलेल्या विषयाला बसता येते. एक-दोन विषय राहिलेल्यांना अकरावीत प्रवेशाची सवलतही आहे; परंतु प्रवेश मिळाला म्हणजे ओझे उतरले, अशी समजूत करून घेणे धोक्याचे आहे. राहिलेला विषय सुटेपर्यंत पुढची वाट कच्चीच असते.

तथापि जून-जुलै म्हणजे डोंगरपट्ट्यात भातलावणीचे दिवस. पाऊस कोसळत असतो, चिखलणी चालू असते, घरातला एकेक हात मोलाचा असतो. ‘परीक्षा काय, पुढेही देता येईल,’ असे वडील म्हणतात, तेव्हा त्यांची अडचण खोटी नसते. पण पुढे ढकललेली परीक्षा बहुधा दिलीच जात नाही, आणि मुलीच्या बाबतीत तर मधल्या काळात लग्नाची बोलणी सुरू होतात. लावणीचे काम चार घरांनी मिळून इर्जिकीने उरकण्याची रीत गावांना माहीत आहे. तिचाच उपयोग परीक्षेला बसणाऱ्या मुलासाठी का करू नये?

अभ्यासाचा आवाका समजावून सांगितला, तर भीती ओसरते. बीजगणित ४०, भूमिती ४० आणि अंतर्गत मूल्यमापन २० अशी गुणांची विभागणी आहे. उत्तीर्ण होण्यास ३५ हवेत. सहा-सात आठवड्यांत सारे पुस्तक पक्के होणार नाही. परंतु पहिला पंधरवडा अपूर्णांक व ऋण संख्यांना देऊन पुढे रेषीय समीकरणे, अर्थनियोजन, सांख्यिकी, भौमितिक रचना आणि पायथागोरसचे प्रमेय एवढे भक्कम केले, तर काठ गाठणे अवघड नाही. मागचीच वही पुन्हा पाठ करून मात्र निकाल बदलणार नाही.

निर्णय मुलाचा, आधार गावाचा

बसावे की न बसावे, हे अखेर त्या मुलाने ठरवावयाचे आहे. पण ठरविण्यासाठी लागणारी माहिती त्याच्यापर्यंत पोहोचविणे, हे इतरांचे काम आहे. निकालानंतर आठवड्याच्या आत मुख्याध्यापकांनी अनुत्तीर्णांच्या घरी जावे, अर्जाची मुदत सांगावी आणि कोणत्या वाटेला गणित लागते, हे आईवडिलांच्या समक्ष समजावून द्यावे. ग्रामपंचायतीने संध्याकाळी समाजमंदिराची एक खोली व दिवा द्यावा. गणिताच्या शिक्षकाने तेथे आठवड्यातून तीन दिवस बसावे. दूरच्या वाड्या-पाड्यांवरील मुलांची परीक्षेच्या दिवसांत केंद्राजवळ राहण्याची सोय व्हावी. आश्रमशाळांच्या मुलांविषयी घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाशी आधीच बोलून ठेवावे. यातील कोणत्याही गोष्टीला नवी योजना लागत नाही. वेळेवर केलेली विचारपूस लागते.

नाणेघाटाच्या तोंडाशी एक दगडी रांजण आहे. घाट चढून येणाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकीत, असे सांगतात. गणित हीदेखील काही वाटांवरची जकातच आहे. ज्याला त्या वाटेने जायचे आहे, त्याने ती भरावी. ज्याची वाट निराळी, त्याला घाटाच्या तोंडाशी अडवून ठेवू नये. मात्र ज्याला जायचे आहे आणि ज्याच्या गाठीशी तेवढे नाही, त्याला उसने बळ देऊन घाट पार करून देणे, हे शाळेचे आणि गावाचे कर्तव्य आहे.